बुडावर सहा चिनी अक्षरं असलेली फुलदाणी: जुनी आहे हे ओळखायचं कसं?

रानजाई
१२ जुलै, रात्री १०:४०

सासूबाईंच्या आत्याचं गिरगावातलं घर गेल्या महिन्यात रिकामं केलं. माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या नऊवारीच्या पदरात गुंडाळलेली एक फुलदाणी निघाली. नऊ इंच उंच, पांढरं अंग, त्यावर पिओनीची मोठी गुलाबी फुलं, फांदीवर दोन पक्षी, गळ्याशी पोपटी महिरप. ओठाला एक टवका उडालाय आणि तिथून केसासारखी चीर बोटभर खाली उतरली आहे. बुडाला लाल रंगात चौकोनी वळणाची सहा अक्षरं आहेत.

धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. त्यांनी फोटो कुठल्याशा ॲपमध्ये घातला, उत्तर आलं: सम्राट चिएनलोंग, अठरावं शतक. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ते म्हणतात, नोव्हेंबरमध्ये येतो, सामानात घालून नेतो, इकडच्या लिलावात कोटींनी पैसे मिळतील. मोठ्या दिरांनी एका व्यापाऱ्याला फोटो पाठवले, त्याने आठ हजार सांगितले. सासूबाई म्हणतात, आत्या तिच्यात तुळशीच्या लग्नाला झेंडू ठेवायची, ती कुठेही जाणार नाही.

आत्यांचे यजमान कापसाच्या पेढीवर कारकून होते. जपानी आगबोटीवरच्या कुणीतरी त्यांना ती भेट दिली, असं आत्या सांगायच्या. मला किमतीपेक्षा हे कळून घ्यायचंय की माझ्या हातात नेमकं काय आहे. कुठून सुरुवात करू?


पाटणकाठ
१२ जुलै, रात्री ११:०५

शिक्का आहे म्हणताय तर प्रश्नच मिटला की! शिक्क्याचा स्पष्ट फोटो टाका. चिएनलोंगचं राज्य १७३६ ते १७९५. म्हणजे पेशवाईतली वस्तू झाली.


कुंभारवाडा
१३ जुलै, सकाळी ७:२०

रानजाई ताई, सगळ्यात आधी एक विनंती. फुलदाणी धुऊ नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काही लावू नका. गुलाबी, पोपटी, लाल हे रंग झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर, दुसऱ्यांदा हलक्या आचेवर भाजलेले असतात. आंबटाने ते निस्तेज होतात आणि सोन्याची रेघ असेल तर तीही जाते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, पुरे.

आता शिक्का. मी पंचवीस वर्षं चिनी भांडी बघतोय, आणि मला पहिल्या पाच वर्षांत कुणी सांगायला हवं होतं ते हे: शिक्का सगळ्यात शेवटी बघायचा.

ती सहा अक्षरं उजव्या ओळीपासून, वरून खाली वाचतात. दा चिंग, चिएनलोंग, न्येन झी. ‘थोर चिंग घराण्याच्या चिएनलोंग काळात घडवलेलं.’ पण ही अक्षरं त्या काळात जितकी लिहिली गेली, त्याहून कितीतरी जास्त नंतर लिहिली गेली. आणि ही आजची चलाखी नाही. १६७७ मध्ये जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या मुख्य गावातल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर तेव्हाच्या सम्राट कांगशीचं नाव लिहायला मनाई केली. भांडं फुटणार, त्यासोबत सम्राटाचं नाव फुटणार, हे त्यामागचं कारण सांगतात. मग कारागिरांनी काय केलं? बुडावर निळी दोन वर्तुळं काढून मधली जागा मोकळी ठेवली, कुठे पान काढलं, कुठे ससा काढला, आणि कुठे चक्क दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वा सम्राटाचं नाव लिहिलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, सम्राट ग्वांगशूच्या काळात, कांगशीचं नाव लिहिलेली निळी-पांढरी भांडी पोत्यांनी बाहेर पडली.

यातली सगळीच फसवणूक नव्हे. ज्या काळातली कारागिरी श्रेष्ठ मानली, त्या काळाचं नाव आपल्या कामावर घालायचं, ही तिथली रीत होती. आपल्याकडे तुकोबांच्या नंतर किती जणांनी अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ लिहिलं, नामदेवांच्या नावावर नंतरच्या किती नामांची रचना मिसळली! नाममुद्रा बघून कुणी अभंगाचा काळ ठरवत नाही. भाषा बघतात, छंद बघतात, जुन्या वह्या ताडून बघतात. भांड्याचंही तसंच आहे. माती, बूड, झिलई, रंग, झीज, आकार आणि मग मुद्रा. आधीच्या सहा गोष्टी जे सांगतात त्याला मुद्रा दुजोरा देत असेल तर आनंद. देत नसेल तर मुद्रेला बाजूला ठेवायचं.

माझी पहिली खरेदी म्हणजे कांगशीच्या नावाच्या चार अक्षरांची, निळ्यावर पांढऱ्या आलुबुखाराच्या फुलांची झाकणाची बरणी. दोन महिन्यांचा पगार दिला होता. ज्या जाणत्या बाईंना दाखवायला नेली त्यांनी ती उलटी केली, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “१८९० च्या आसपासची.” शिक्क्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ती बरणी माझ्याकडे अजून आहे आणि आज ती स्वतःच सव्वाशे वर्षांची आहे. मला त्या दिवशी पैशांपेक्षा जास्त लागली ती गोष्ट अशी की त्यांच्या अंगठ्याला जे कळलं ते माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

तर ताई, दिवसा खिडकीशी, खाली जाड सतरंजी घालून, अंगठ्या-बांगड्या काढून बसा. दोन्ही हातांनी अंगाला धरून उचला, गळ्याला धरू नका. वजन बघा. जुनं चांगलं पोर्सेलीन आकाराच्या मानाने हातात नीट बसतं, बूड जड आणि गळा हलका असा कल फारसा जाणवत नाही. मग उलटी करा. बुडाला जे कडं असतं, ज्यावर भांडं उभं राहतं, तिथे झिलई नसते, उघडी माती दिसते. तिथे थांबा, सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवा. माती बारीक पिठासारखी आहे की रवाळ? झिलई जिथे संपते तिथे नारिंगी-तांबूस रेघ आहे का? जुन्या लाकडी भट्टीतल्या मालात अशी रेघ बरेचदा येते. पण आज ती रंगाने काढतात, म्हणून बघायचं की ती कुठे जाड, कुठे बारीक, कुठे नाहीशी होते का. एकसारखी फिरली असेल तर संशय घ्या. कड्यावर शंभर वर्षं भांडं सरकलं, उचललं, ठेवलं की मळ आणि ओरखडे उमटतात, ते सगळ्या दिशांना, कमीअधिक खोल. सँडपेपरचे ओरखडे एका दिशेचे असतात.

मग तिरप्या उन्हात झिलईचं अंग बघा. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ भांड्यांची झिलई संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची असते. रंगांवरून बोट फिरवा, ते किंचित उचललेले लागले पाहिजेत. सपाट लागले आणि भिंगाखाली छपाईचे बारीक ठिपके दिसले तर तो छापील कागद चिकटवून भाजलेला आजचा माल.

आणि गुलाबी रंग. हा गुलाबी सोन्यापासून करतात आणि चीनमध्ये तो साधारण १७२० च्या दशकात रुळला. म्हणून गुलाबी फुलं आणि खाली चिंगच्या आधीच्या मिंग घराण्याचा शिक्का अशी वस्तू कुणी दाखवली तर पुढे काही तपासायचं कारण नाही. तुमच्या फुलदाणीला ही अडचण नाही, चिएनलोंग त्यानंतरचाच. पण १९१२ ते १९४९ या प्रजासत्ताकाच्या वर्षांत जिंगदेझेनला चिएनलोंगच्या तोडीचं नाजूक गुलाबी काम झालं आणि त्याच्या बुडावर बहुधा हाच लाल शिक्का असतो. माझा पहिला अंदाज तिकडे जातो. अंदाजच, कारण नुसत्या वर्णनावरून वजन कळत नाही.


रानजाई
१३ जुलै, दुपारी २:१५

कुंभारवाडा काका, दोनदा वाचलं. स्वयंपाक आटोपून खिडकीशी बसले. कडं गुळगुळीत आहे, माती खूप पांढरी आणि बारीक. नारिंगी रेघ एका बाजूला पुसट आहे, दुसऱ्या बाजूला नाही. रंग बोटाला लागतात. एका पक्ष्याच्या पंखावरचा निळा थोडा उडालाय. झिलई मला गुळगुळीतच वाटली, संत्र्याची साल नाही. आणि एक, प्रकाशासमोर धरली तर आतून माझ्या बोटांची सावली दिसते, इतकी पातळ आहे.


नागोयाकर
१३ जुलै, संध्याकाळी ५:५०

जपानी आगबोटीची गोष्ट वाचून राहवलं नाही. ती गोष्ट जुळते. निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने १८९३ मध्ये कोबे ते मुंबई अशी बोट सुरू केली, जमशेटजी टाटांच्या साथीने. आपला कापूस तिकडच्या गिरण्यांना जायचा. येताना बोटी रिकाम्या थोड्याच येणार? मुंबईच्या जुन्या घरांतून जपानी कपबश्या, देवघरात रविवर्म्याच्या चित्रांवरून जपानमध्ये केलेल्या देवादिकांच्या टाइल्स अजून सापडतात. आणि जपानहून मुंबईला येणारी बोट चीनच्या किनाऱ्यावरूनच येणार, तेव्हा चिनी फुलदाणी खलाशाच्या हाती लागणं अगदी शक्य आहे.

बुडाबद्दल एक भर. तळाच्या झिलईवर तीन-चार-पाच बारीक टोचल्यासारखे खडबडीत ठिपके दिसले तर वस्तू बहुधा जपानची, आरिता गावची. भट्टीत तळ खाली बसू नये म्हणून मातीच्या छोट्या सुळक्यांवर टेकवायचे, ते मोडल्याची ही खूण. चिनी मालात ती क्वचित दिसते. शिक्का चिनी आणि बुडाला हे ठिपके, अशी जपानी भांडी पुष्कळ आहेत, कारण आरिताचे कारागीरही बुडावर मिंग सम्राटांची नावं लिहीत.

आरिताची गोष्ट मला फार जवळची वाटते. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजांनी कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना कुंभार धरून आणले. त्यांतल्याच एकाला, यी सामप्योंगला, १६१६ च्या सुमारास आरिताजवळ पोर्सेलीनची माती सापडली असं मानतात. पुढे चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, जिंगदेझेनच्या भट्ट्या विस्कटल्या, आणि डच व्यापाऱ्यांनी १६५९ मध्ये आरिताला मोठी मागणी नोंदवली. माल इमारी बंदरातून निघायचा म्हणून जगाने त्याला इमारी म्हटलं. धरून आणलेल्या माणसांच्या हातांतून एका देशाची कला उभी राहिली, हे मी त्या गावात उभा असताना मनातून जात नव्हतं.

ज्यांना संग्रह सुरू करायचाय पण खिसा लहान आहे त्यांनी सम्राटांच्या मागे लागू नये. क्योतोला तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, कितानो तेनमांगूला २५ तारखेला. तिथे मी सोबा-चोको घेतो. सोबा शेवयांबरोबरच्या रसाच्या या निळ्या-पांढऱ्या लहान पेल्या, हातात मावणाऱ्या. टवका असला तर आपल्याकडच्या चांगल्या हॉटेलातल्या जेवणाच्या किमतीत एदो काळातली, म्हणजे १८६८ च्या आधीची, पेली मिळते. दुसरी माझी आवड म्हणजे कुरावांका वाडगे. योदो नदीत प्रवासी होड्यांना छोट्या होड्या भिडवून जेवण विकणारे लोक ओरडायचे, “कुरावांका?” म्हणजे रांगड्या बोलीत “खाणार की नाही?” त्या वाडग्यांचं नावच ते पडलं. जाड, जड बुडाचे, हलत्या होडीत न कलंडणारे, दोन फटकाऱ्यांत काढलेली वेल. राजवाड्यातलं काही नाही त्यात. पण त्या फटकाऱ्याचा वेग बघा, दिवसाला शेकडो वाडगे रंगवणाऱ्या हाताचा तो वेग आहे.


पाटणकाठ
१३ जुलै, रात्री ९:३०

शिक्क्यावर मी घाईने लिहिलं, मान्य. पण मग लोक कोट्यवधी देतात ते कशाच्या भरवशावर? आणि अमेरिकेत कुणाला तरी ३५ डॉलरला घेतलेला वाडगा मिंगचा निघाला, ही बातमी खरी की खोटी?


टेम्सकाठ
१४ जुलै, रात्री १:१०

बातमी खरी आहे. कनेक्टिकटमध्ये घरासमोरच्या विक्रीत ३५ डॉलरला घेतलेला वाडगा २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ७,२१,८०० डॉलरला गेला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, योंगलो काळातला. त्यावर शिक्का नव्हता. आकार, झिलई आणि निळ्याची जात यावरून तो ओळखला गेला.

दुसरी बाजूही सांगते. २०१० मध्ये पश्चिम लंडनच्या एका उपनगरात घर आवरताना निघालेल्या चिएनलोंगच्या फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली. जगभर मथळे झाले. बोली लावणाऱ्याने पैसे दिलेच नाहीत, आणि शेवटी ती त्याहून बऱ्याच कमी किमतीला दुसऱ्याकडे गेली. मथळा वाचून घरातल्या वस्तूची किंमत करू नये ती यासाठी.

पण मी लिहायला आले ते वेगळ्या गोष्टीसाठी. ब्रिटिश म्युझियममध्ये ९५ क्रमांकाची खोली आहे. तिथे चिनी मातीची सुमारे १,७०० भांडी एका छताखाली आहेत, चीनबाहेरचा बहुधा सगळ्यात उत्तम संग्रह. तो जमवणारे सर पर्सिव्हल डेव्हिड आपल्या मुंबईत जन्मले, १८९२ मध्ये, बगदादी ज्यू कुटुंबात. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा पाटीवर ‘बॉम्बे’ वाचून तिथल्या बाकावर बसलेच. २०२४ मध्ये विश्वस्तांनी तो सगळा संग्रह म्युझियमला कायमचा देऊन टाकल्याचं जाहीर झालं.

खोलीच्या मध्यावर दोन उंच निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या आहेत, कानांना हत्तीची तोंडं. गळ्यावर लिहिलंय की अमुक भक्ताने ही जोडी १३५१ साली देवळाला वाहिली. डेव्हिडना त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळाल्या, त्यांनी ती ताटातूट संपवली. आता कुंभारवाडा, तुम्हाला विचारते: इथे तर लिहिलेल्या अक्षरांवरच सगळा इतिहास उभा आहे ना? ते १३५१ नसतं तर चौदाव्या शतकात इतकं पक्व निळं-पांढरं काम होत होतं हे कुणी मानलं असतं?


कुंभारवाडा
१४ जुलै, सकाळी ६:५५

टेम्सकाठ, हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारलाय! उत्तर असं की त्या अक्षरांवरही लोकांनी लगेच विश्वास ठेवला नाही. इतकं परिपूर्ण काम मिंगच्या आधीचं कसं असेल, असंच पुष्कळांना वाटत होतं. १९५० च्या दशकात जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी या जोडीशी ताडून पाहिली. तीच लाटांची पट्टी, तीच कमळाची वेल, ड्रॅगनची तशीच काढणी. एक गटच्या गट उभा राहिला. १३५१ हा आकडा त्या गटाचा खुंटा झाला, पण खुंटा रोवायला जमीन बाकीच्या भांड्यांनी दिली. एकटं अक्षर कधी पुरत नाही. आणि बघा, ते सम्राटाच्या नावाचं ठरावीक वाक्य नव्हतं. एका माणसाने आपलं गाव, आपलं नाव, महिना, नवस लिहिलाय. नक्कल करणारा इतकं कशाला लिहील?

रानजाई ताई, गुळगुळीत झिलई, पिठासारखी पांढरी माती, बोटांची सावली दिसेल इतकं पातळ अंग. माझा अंदाज आणखी तिकडेच झुकला, १९१२ नंतर. पण प्रत्यक्ष कुणीतरी हातात घेऊन बघायला हवी. त्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोघा भावांचे संग्रह तिथे आहेत, चिनी पोर्सेलीन, जेड, तपकिरीच्या बाटल्या, जपानी वस्तू. खरी वस्तू आधी डोळ्यांत मुरली पाहिजे.


आडवाट
१४ जुलै, सकाळी ११:००

कायद्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझं काम या क्षेत्राशी जवळचं आहे. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षं जुन्या कलावस्तूला पुरावस्तू मानतो. ती भारतातच घडलेली असावी अशी अट नाही. चीनमध्ये घडलेली फुलदाणीही शंभर वर्षांची झाली की पुरावस्तूच. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, तुरुंगवासाची तरतूद आहे. शंभरच्या आतली असेल तर तसं पुरातत्त्व खात्याकडून लेखी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुमची वस्तू १९१० ची की १९३० ची, यावर सगळं अवलंबून आहे. दिरांना आत्ताच कळवा, विमानतळावर कळण्यापेक्षा बरं.


बकुळओटी
१४ जुलै, दुपारी ४:३०

याच धाग्यात विचारते. आमच्या आजोबांकडून आलेली छोटी माकडं आहेत, तीन, सुपारीपेक्षा थोडी मोठी, पाठीला दोन भोकं. पांढरट पिवळी. जपानी असावीत. हस्तिदंत आहे का हे बघायला तापलेली सुई टोचून बघ, असं एकाने सांगितलं.


नागोयाकर
१४ जुलै, संध्याकाळी ६:०५

कृपा करून सुई टोचू नका! कायमचा डाग राहतो, आणि कळायचं ते भिंगानेही कळतं. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. हाडावर काळपट सूक्ष्म छिद्रं असतात. राळेच्या नकलेवर साच्याचा सांधा आणि बुडबुडे.

ती नेत्सुके आहेत. किमोनोला खिसे नसत. तंबाखूची पिशवी, औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याखाली लोंबायची, आणि दोरीचं वरचं टोक निसटू नये म्हणून हा मणी. आपल्या म्हाताऱ्यांच्या कमरेची चंची आठवा, तसंच. दोन भोकं दोरीची. दोरीने घासून भोकांच्या कडा गोल झाल्यात का बघा. झाल्या असतील तर ती वापरातली होती. धारदार असतील तर बहुधा परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेली.


आडवाट
१४ जुलै, संध्याकाळी ६:४०

बकुळओटी, हस्तिदंत निघालं तर विकायचा विचार करू नका. वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आफ्रिकी हत्तीच्या दातालाही १९९१ पासून हाच नियम, आणि वस्तू जुनी आहे ही सबब चालत नाही. वारशाने आलेल्या वस्तूची नोंद कशी करायची हे वनखात्याच्या कार्यालयात विचारा.


मांडवीकाठ
१५ जुलै, सकाळी ९:१५

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे चिनी भांडी ही कुणाच्या संग्रहाची गोष्ट नव्हे, ती मातीतच आहे. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या चर्चच्या अवशेषांत उत्खनन झालं तेव्हा चिनी पोर्सेलीनची खापरं निघाली. मकाव ते गोवा ते लिस्बन हा रस्ताच होता. चांदरच्या ब्रागांझांच्या वाड्यात, लोटलीच्या फिगेरेदोंच्या घरात चिनी ताटं अजून मांडलेली आहेत, कधी जाल तर दिवाणखान्यातल्या कपाटांपाशी थांबा. निळ्या-पांढऱ्या ताटांची कड पाकळ्यांसारख्या खणांत वाटलेली दिसली तर ती क्राक पद्धत. पोर्तुगीज जहाजांच्या ‘कॅरॅक’ या नावावरून डचांनी ते नाव दिलं. १६०३ मध्ये डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं, त्यातल्या मालाचा लिलाव ॲमस्टरडॅमला झाला आणि उत्तर युरोपाला चिनी मातीचं वेड लागलं.

माझे पणजोबा-आजोबा दोघेही मोठ्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरी कामाला होते. ताटं घासणारे हात आमचे होते. आजी सांगायची, चिनी ताट फुटलं तर महिन्याचा पगार जायचा. त्या कपाटांसमोर उभा राहिलो की मला निळी नक्षीही दिसते आणि तेही दिसतं.


अळूपान
१५ जुलै, दुपारी १२:२०

मांडवीकाठ, बरं झालं लिहिलंत. मला हा सगळा छंद बघताना अफू आठवते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कॅन्टनला जायची, त्या पैशांतून मुंबईत वाडे आणि विहिरी झाल्या, आणि परतीच्या जहाजांतून रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी आली. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन राजवाडा लुटला आणि जाळला, त्या फौजेत हिंदी शिपाई होते. तिथल्या वस्तू आज जगभरच्या कपाटांत आहेत. त्या बघून नुसतं ‘किती सुंदर’ म्हणणं मला जमत नाही.


कुंभारवाडा
१५ जुलै, दुपारी ३:००

अळूपान, मलाही जमत नाही, आणि जमू नये. म्हणूनच वस्तू कुणाकडून कुणाकडे आली हे लिहून ठेवायचं, तोंडी आठवण असली तरी. कोणत्याही विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘कितीला’ हा नाही, ‘कुठून आली’ हा विचारायचा. उत्तर टाळलं तर उठायचं. मी अशी दोन सुंदर भांडी सोडली आहेत आणि ती मला अजून दिसतात.

रानजाई ताई, तुमच्या सासूबाईंकडून आत्यांची सगळी हकीकत लिहून घ्या. पेढीचं नाव, साधारण साल, काहीही.


बकुळओटी
१६ जुलै, रात्री १०:००

भिंगातून पाहिलं. कमानींची जाळी नाही. काळपट छिद्रं आहेत, म्हणजे हाड. भोकांच्या कडा गोल आणि गुळगुळीत आहेत! कुणाच्या तरी कमरेला ही माकडं खरंच होती. नागोयाकर, खूप आभार. काळी सोनेरी एक डबीही आहे त्यांच्यासोबत, तिला एसीच्या खोलीत ठेवलंय, बरोबर ना?


नागोयाकर
१७ जुलै, पहाटे ५:३०

एसीतून काढा! त्या डबीवरचा काळा थर लाख नव्हे. आपली सावंतवाडीची लाख किड्यापासून येते, ही उरुशी म्हणजे झाडाचा चीक. ते झाड आपल्या बिब्ब्याच्या, आंब्या-काजूच्या कुळातलं. ओला चीक अंगावर बिब्ब्यासारखाच उततो, कारागीर शिकताना पहिले महिने खाजवण्यात घालवतात. आणि तो कोरड्या हवेत वाळून घट्ट होत नाही, दमट हवेतच घट्ट होतो. कोरड्या गार हवेत आतलं लाकूड आकसतं आणि वरचा थर तडकतो. कोकणची हवा त्याला मानवते. फक्त बुरशी लागू देऊ नका आणि ऊन अजिबात नको, उन्हाने काळी चकाकी तपकिरी आणि निस्तेज होते. मऊ सुती कापडात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवा.


रानजाई
२ ऑगस्ट, रात्री ९:५०

धागा वर काढतेय, कारण सांगायला बरंच आहे.

संग्रहालयात दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी सगळं बघितलं आणि काहीच दिसलं नाही. दुसऱ्यांदा फक्त गुलाबी रंगाच्या चार भांड्यांसमोर तासभर उभी राहिले. तेव्हा कळलं की जुन्या भांड्यावरची पिओनीची पाकळी एका रंगाची नसते, गुलाबीतून पांढऱ्याकडे जाताना मध्ये कुठेच रेघ दिसत नाही. आमच्या फुलदाणीवर ती रेघ भिंगाने दिसते.

मग ओळखीतून एका निवृत्त अभ्यासक बाईंकडे घेऊन गेले. कुंभारवाडा काका, त्यांनीही उलटी करून कड्यावरून अंगठा फिरवला! मला तुमची बरणी आठवली. त्यांचं मत: १९१५ ते १९३० मधली, जिंगदेझेनची, हात चांगला आहे, पक्षी फुलांपेक्षा सरस, बहुधा दोन वेगळ्या माणसांनी रंगवलेली. शिक्का भक्तीचा, फसवण्याचा नाही, हे त्यांचे शब्द. किंमत विचारली नाही. त्यांनी आपणहून सांगितलं की आठ हजारांपेक्षा बरीच जास्त आणि कोटींच्या जवळपासही नाही.

दिरांना आडवाटांचा प्रतिसाद वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, मला बघायची तरी आहे नोव्हेंबरमध्ये. सासूबाईंनी सगळं सांगितलं, मी वहीत लिहिलं. पेढी काळबादेवीला होती. ज्याने दिली तो खलाशी नव्हता, बोटीवरचा जपानी डॉक्टर होता. आत्यांच्या यजमानांनी त्याच्यासाठी आपल्या वैद्यांकडून पोटाच्या दुखण्यावर काहीतरी आणून दिलं होतं म्हणे. साल कुणाला आठवत नाही, पण आत्यांचं लग्न १९२८ चं आणि फुलदाणी त्यानंतरची.

एकच शेवटचं विचारायचंय. तुळशीच्या लग्नाला तिच्यात झेंडू ठेवायचा सासूबाईंचा हट्ट आहे. चीर असताना पाणी घालावं का?


कुंभारवाडा
३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

पाणी थेट घालू नका, चिरेत शिरून डाग धरेल आणि चीर वाढेल. गळ्यातून जाईल असा उंच अरुंद स्टीलचा पेला आत सोडा, त्याखाली फडक्याची घडी ठेवा म्हणजे धातू अंगाला लागणार नाही. पाणी पेल्यात. देठं छोटी कापा, झेंडू जड असतो, एका बाजूला झुकला तर फुलदाणी कलंडेल. आणि वृंदावनाच्या काठावर ठेवू नका, खाली पाटावर ठेवा. फोटो नक्की टाका, पक्ष्यांच्या बाजूचा.